वाचकांचे प्रश्न : टाइमकोड आणि घड्याळ

प्रश्न : वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकांचं शूटिंग करतो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो. पडदा उघडताना टाळी वाजवतो, तिथून दोन्ही शून्यापासून मोजतो. कॅमेऱ्याचा टाइमकोड ०१:१२:२०:१० होतो तेव्हा रेकॉर्डरवर १ तास १२ मिनिटं २४.७ सेकंद झालेले असतात. आवाज आखडून बसवू का?

उत्तर : मुळीच नको, जुळलेला आवाज उगाच बिघडेल. टाइमकोड हे घड्याळ नाही. ते फ्रेमांना, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका चित्राला, दिलेले क्रमांक आहेत : तास, मिनिटं, सेकंद आणि शेवटी फ्रेम. तुमचा कॅमेरा सेकंदाला २९.९७ फ्रेमवर दिसतो. तो सेकंदाला ३० फ्रेम धरून क्रमांक देतो, पण खरा वेग ३०,००० भागिले १,००१ असतो. म्हणून टाइमकोड तासाला ३.६ सेकंद मागे पडतो.

तुमचाच आकडा घ्या. ०१:१२:२० म्हणजे ४,३४० सेकंद. त्याला ३० ने गुणून वरचे १० मिळवले की १,३०,२१० फ्रेम. आता १,००१ ने गुणा, ३०,००० ने भागा : ४,३४४.६७ सेकंद. रेकॉर्डर हेच सांगतो आहे. फरक या प्रमाणात वाढत नसेल, तर मात्र कारण दुसरं शोधा.

मेनूत ‘ड्रॉप फ्रेम’ असतं. नाव फसवं आहे. गळतात ते फक्त क्रमांक, चित्र एकही जात नाही. दर मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१ वगळतात, पण दर दहाव्या मिनिटाला वगळत नाहीत. ७२ मिनिटांत ७२ वजा ७, म्हणजे ६५ वेळा, १३० क्रमांक. हाच टाइमकोड ड्रॉप फ्रेममध्ये असता तर फ्रेम १,३०,०८० आणि वेळ ४,३४०.३४ सेकंद. फ्रेमच्या आकड्याआधी बहुधा अर्धविराम दिसतो, त्यावरून ओळखा. दोन टाइमकोडांतलं अंतर काढताना आधी दोन्हींच्या फ्रेम करा, मग वजाबाकी.

खरं तर कॅमेरा ‘पाल’ (PAL) या व्हिडिओ पद्धतीवर, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा. ही भानगडच उरत नाही, शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातल्या दिव्यांची थरथरही कमी दिसते. हा बदल करताना काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट करायला लावतात. आधी सगळं उतरवून घ्या.

प्रश्न : २५ फ्रेमच्या क्लिपमधला ०१:१२:२०:१० मी सबटायटल फाइलमध्ये ०१:१२:२०,०१० लिहिला. ओळ आधीच का उमटते?

उत्तर : स्वल्पविरामानंतर मिलिसेकंद असतात. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणून १० फ्रेमचे ४००. ०१:१२:२०,४०० लिहा.