वाचक विचारतात : धारूळची कातळचित्रं

प्रश्न : नववीच्या ४० मुलांना एका दिवसात धारूळच्या गुहांमधली प्राचीन चित्रं दाखवायची आहेत. पाणी शिंपडलं की पुसट चित्रं उठून दिसतात म्हणे. फवाऱ्याची बाटली न्यावी का? (शिक्षक, मोर्शी तालुका)

उत्तर : पाणी न्या, पण प्यायला. ओल्या दगडावर रंग गडद दिसतो हे खरं. मात्र ते पाणी दगडात मुरतं, आतले क्षार विरघळवतं आणि वाळताना वर आणून सोडतं. मग चित्रावर पांढरी साय धरते, नाहीतर रंगासकट पापुद्राच सुटतो. ऑस्ट्रेलियात काकाडू राष्ट्रीय उद्यानात तिथल्या आदिवासींच्या चित्रांवर पावसाचे ओघळ येऊ नयेत म्हणून वरच्या खडकाला सिलिकॉनची कड लावतात, आणि आपण हाताने पाणी मारायचं? खडूने रेघा गिरवणं तर त्याहून वाईट.

ऊन पडत असेल तर छत्रीने सावली करा, फ्लॅश बंद ठेवा आणि फोटो अगदी समोरून घ्या. तो ‘डीस्ट्रेच’ या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की डोळ्यांना न दिसणारा गेरूही उठतो. मापाची पट्टी भिंतीला टेकवू नका. एका वेळी आठ-दहाच मुलं आत सोडा. पायांनी उडालेली धूळ चित्रांवरच बसते.

ही चित्रं २००७ मध्ये अमरावतीच्या विजय इंगोले आणि सहकाऱ्यांनी उजेडात आणली, पण जागा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात आहे. परवानगी तिकडच्या वनखात्याला विचारा.

प्रश्न : तिथे अस्वलाची भीती आहे का? मुलांना वन्यजीव काय दाखवता येतील?

उत्तर : भीती धरूनच चला. अस्वल दुपारी अशाच कपारीत निजतं. आधी वाटाड्याने लांबून मोठ्याने बोलत जावं. ताजी विष्ठा दिसली तर ती गुहा सोडून द्या. वर आग्या मोहोळ असेल तर अत्तर नको, धूर नको, दगड तर नकोच.

कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले तर तिथे गिधाडं बसत असावीत. हिवाळा हा त्यांचा विणीचा काळ, म्हणून खाली गलका करू नका. दुर्बिणीतून दाखवा आणि तिथेच डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा विषय काढा. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जायच्या, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीची, एकाच मात्रेची कुपी ठेवली. गाय सुजली तर डॉक्टरांकडे गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम मागायचं, एवढं मुलांनी घरी सांगितलं तरी पुरे.