नफा 22 टक्क्यांनी वाढला, कॉनकॉलवर मॅनेजमेंट खूश होतं, तरी शेअर का पडला? निकालात नक्की वाचायचं तरी काय?

पहिल्या भागाचं उत्तर दोन ओळींचं आहे. बाजाराने 22 पेक्षा जास्त वाढ आधीच धरली होती, किंवा कॉनकॉलवर, म्हणजे निकालानंतर मॅनेजमेंट विश्लेषक आणि गुंतवणूकदारांशी फोनवर बोलतं तिथे, पुढच्या तिमाहीबद्दल जे बोललं गेलं ते लोकांना पटलं नाही. भाव हलतो तो अपेक्षा आणि निकाल यांच्यातल्या फरकामुळे.

पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "कॉल पूर्ण ऐकला, मॅनेजमेंट इतक्या खात्रीने बोलत होतं की मी आणखी शेअर घेतले." हे वाचून मला राहवलं नाही. त्या खात्रीची वाक्यं लिहिणं हे माझं काम होतं. एका लिस्टेड कंपनीच्या फायनान्स विभागात मी नऊ वर्षं इन्व्हेस्टर रिलेशन्स, म्हणजे गुंतवणूकदारांशी बोलण्याचं काम, सांभाळलं. प्रेस रिलीजचा मसुदा, प्रेझेंटेशन, कॉलच्या सुरुवातीला एमडी आणि सीएफओ (कंपनीचे वित्तप्रमुख) जे बोलतात ते भाषण, सगळं माझ्या टेबलावरून जायचं.

सुरुवातीचा भाग सरळ कागदावरून वाचलेला असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रश्नोत्तरंही फारशी उत्स्फूर्त नसतात. आमची प्रश्नांची फाईल ऐंशी-नव्वद प्रश्नांची व्हायची. अवघड प्रश्नापुढे दोन उत्तरं असायची, एक साधं विचारलं तर द्यायचं आणि दुसरं खोदून विचारलं तर. त्यामुळे आवाजातल्या खात्रीवर पैसे लावू नका. ती तयारीची खात्री असते.

आता एका तिसऱ्या तिमाहीची गोष्ट सांगते.

विक्री 18 टक्के वर, नफा 24 टक्के वर. आकडे हातात आले तेव्हा मजल्यावर सगळे खूश होते. माझ्याकडे ताळेबंदाचा कच्चा आराखडाही होता, आणि त्यात येणी, म्हणजे उधारीवर विकलेल्या मालाचे यायचे पैसे, निम्म्याहून जास्त वाढलेली दिसत होती. डेटर डेज, म्हणजे विक्रीचे पैसे हातात यायला सरासरी किती दिवस लागतात ते, 71 वरून 98 वर गेले होते. नफा चढला होता आणि कामकाजातून येणारी रोख उणे होती. विक्री विभागात विचारल्यावर कळलं की तिमाहीच्या शेवटच्या दहा दिवसांत वितरकांना भरपूर माल पाठवला होता आणि त्यासाठी 60 दिवसांची उधारी 120 केली होती. "नाही खपला तर परत घेऊ" असंही तोंडी सांगितलं होतं, ते मला फार उशिरा कळलं. हे तोंडी आश्वासन साधं नसतं. आयएफआरएस 15 हे आंतरराष्ट्रीय हिशेब मानक आणि आपल्याकडचं इंड एएस 115, दोन्हींप्रमाणे जो माल परत येईल असा अंदाज आहे त्याची रक्कम विक्रीत धरता येत नाही. पण तोंडी शब्द हिशेबाच्या कागदावर येतो कुठे? शिवाय तिमाही आकड्यांचं ऑडिट होत नाही, लिमिटेड रिव्ह्यू होतो. त्यात ऑडिटर मुख्यतः चौकशी करतो आणि आकडे एकमेकांशी ताडून बघतो. बिलं व्यवस्थित होती, रिव्ह्यू पार पडला.

मी प्रेस रिलीजच्या मसुद्यात दोन वाक्यं घातली: "या तिमाहीत काही वितरकांना वाढीव उधारी दिल्यामुळे येणी वाढली आहेत. कामकाजातून आलेली रोख गेल्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा कमी आहे." मसुदा परत आला तेव्हा त्या दोन वाक्यांवर लाल पेनाने आडवी रेघ होती आणि समासात सीएफओ साहेबांच्या अक्षरात, "विचारलं तर बघू."

मी केबिनमध्ये गेले. सीएफओ साहेब हुशार माणूस. माझं त्यांच्याशी कधीच वैर नव्हतं, आजही नाही. ते म्हणाले, "आपण होऊन जखम उघडी करून दाखवायची नसते. लोक अर्धं ऐकतात आणि विकून मोकळे होतात." मी म्हटलं, "सर, येणी ताळेबंदात दिसणारच आहेत." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "या तिमाहीत ताळेबंद द्यायचा नसतो."

नियमाने त्यांचं बरोबर होतं. भारतात पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीला ताळेबंद आणि कॅश फ्लो (रोख कुठून आली, कुठे गेली याचा तक्ता) जाहीर करण्याची सक्ती नाही. कॅश फ्लो सहामाहीलासुद्धा सक्तीचा झाला तो 2019-20 पासून. म्हणजे वर्षातल्या दोन निकालांत गुंतवणूकदाराला फक्त नफा-तोटा दिसतो, आणि पैसा खरंच आला का, हे विचारायला त्याच्याकडे आकडाच नसतो.

हे वाचताना काहींना एन्रॉन ही ऊर्जेचा व्यापार करणारी अमेरिकन कंपनी आठवेल. एप्रिल 2001 मधल्या कॉलवर एका विश्लेषकाने तक्रार केली की निकालाबरोबर ताळेबंद आणि कॅश फ्लो न देणारी वित्तसंस्था तुमचीच. सीईओ जेफ्री स्किलिंग यांनी सगळ्यांच्या कानावर जाईल अशी त्याला शिवी घातली. ऑगस्टमध्ये स्किलिंग यांनी राजीनामा दिला आणि 2 डिसेंबर 2001 ला एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. आमची कंपनी एन्रॉन नव्हती, तसा माझा दावाही नाही. पण ताळेबंद मागणाऱ्यावर चिडणारं मॅनेजमेंट दिसलं की मी आजही त्या शेअरला हात लावत नाही.

आमच्या कॉलवर शिवी वगैरे कुणी दिली नाही. शेवटून दुसरा प्रश्न एका छोट्या फंडातल्या विश्लेषक मुलीचा होता. तिने एवढंच विचारलं, "डेटर डेज किती आहेत?" साहेबांनी म्यूटचं बटण दाबलं. मी प्रश्नांची फाईल उघडून 64 नंबरचा प्रश्न त्यांच्यासमोर सरकवला. तिथे 98 असं ठळक लिहिलं होतं. त्यांनी तो बघितला, म्यूट काढला आणि म्हणाले, "हे आपण ऑफलाइन घेऊ, माझ्या टीमशी बोला."

टीम म्हणजे मी. पंधरा मिनिटांत तिचा फोन आला. आणि मी तिला तो आकडा देऊच शकत नव्हते. भावावर परिणाम करणारी माहिती एकट्याला द्यायची नसते. अमेरिकेत त्यासाठी 2000 सालापासून रेग्युलेशन एफडी आहे, आपल्याकडे 2015 चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम आहेत. मी सांगितलं की जाहीर झालेल्या माहितीपलीकडे मला बोलता येणार नाही. ती म्हणाली, "मग ऑफलाइन कशासाठी?"

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. आकडा महत्त्वाचा नसेल तर तो कॉलवर सांगायला हरकत काय? आणि महत्त्वाचा असेल तर एकटीला सांगणं हा नियमभंग. भावाशी संबंध असलेल्या आकड्याच्या बाबतीत "ऑफलाइन घेऊ" या उत्तराला जागाच नाही.

चौथ्या तिमाहीत माल परत यायला लागला. वर्षाच्या निकालात विक्री घसरली, बुडीत येण्यांसाठी तरतूद करावी लागली, ताळेबंदही आला आणि भाव दोन दिवसांत जो पडला तो पडलाच.

मग एजीएम, भागधारकांची वार्षिक सभा. स्टेजवरच्या माणसांना उत्तरं पुरवण्यासाठी आम्ही मागे बसायचो आणि चिठ्ठ्या पुढे द्यायचो. सत्तरीतले एक भागधारक माइकपाशी आले. हातात वार्षिक अहवाल, मध्ये दोन पानं दुमडलेली, येण्यांच्या टिपेवर पेन्सिलने खूण. आवाज न चढवता म्हणाले, "विक्री आणि येणी यांचं हे गणित तिसऱ्या तिमाहीतच तुम्हाला दिसत असणार. मग तेव्हा का सांगितलं नाही?" साहेबांनी मागे हात केला. मी चिठ्ठीवर लिहिलं, "व्यवसायाच्या सर्वसाधारण ओघात उधारीच्या अटी बदलत असतात, आवश्यक ते सर्व जाहीर केले आहे." त्यांनी ते वाचून दाखवलं. ते गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले आणि जागेवर जाऊन बसले. त्या चिठ्ठीतलं एकही अक्षर खोटं नव्हतं. ती मी लिहिली, हे मला अजून सलतं. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. वाचायचं काय?

प्रेस रिलीज सगळ्यात शेवटी वाचा. ती कंपनीने स्वतःबद्दल लिहिलेली जाहिरात असते. मी शेकडो मसुदे केलेत, म्हणून हे बोलते. त्यातला "ॲडजस्टेड" शब्द दिसला की थांबा. ईबिटडाची (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याची) व्याख्या आयएफआरएसमध्ये नाही, ॲडजस्टेड ईबिटडाची तर नाहीच. कोणता खर्च "एकदाच होणारा" म्हणून वगळलाय ते बघा, आणि तोच खर्च गेल्या तीन वर्षांतही वगळलाय का ते बघा. दरवर्षी होणारा खर्च एकदाच होणारा कसा? आयएफआरएस 18 हे नवं मानक 1 जानेवारी 2027 पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होतंय. कंपनीने स्वतः तयार केलेले असे नफ्याचे आकडे मानकातल्या आकड्याशी जुळवून टिपेत दाखवावे लागतील. फार आधी यायला हवं होतं.

आधी कॅश फ्लो उघडा. तीन-चार वर्षांचा निव्वळ नफा एकीकडे, कामकाजातून आलेली रोख दुसरीकडे, दोन्हींच्या बेरजा करा. एका वर्षाचा फरक समजू शकतो, चार वर्षांच्या बेरजेत मोठा फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग येणी आणि न खपलेल्या मालाचा साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढताहेत का, ते बघा. मग संबंधित पक्षांशी (प्रवर्तक, त्यांच्या इतर कंपन्या वगैरे) झालेले व्यवहार, संभाव्य देणी, आणि ऑडिटरच्या अहवालातल्या "की ऑडिट मॅटर्स", म्हणजे ऑडिटरला सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागलं ते मुद्दे. हे सगळं वार्षिक अहवालाच्या मागच्या अर्ध्या भागात असतं, जिथे रंगीत फोटो संपतात.

कॉल ऐकण्यापेक्षा ट्रान्स्क्रिप्ट वाचा. भारतात 1 एप्रिल 2022 पासून निकालानंतरच्या कॉलचं रेकॉर्डिंग आणि ट्रान्स्क्रिप्ट जाहीर करणं लिस्टेड कंपन्यांना बंधनकारक आहे, ट्रान्स्क्रिप्ट पाच कामकाजी दिवसांत. वाचताना आवाज मध्ये येत नाही, त्यामुळे प्रश्न एक आणि उत्तर भलतंच हे लगेच डोळ्यांत भरतं.

साहेबांचं एक म्हणणं मला मान्य करावं लागेल: बाजार वाईट बातमीला लगेच शिक्षा करतो. त्या तिमाहीत माझी दोन वाक्यं गेली असती तर भाव पडला असताच. पण थोडा पडला असता, कारणासकट पडला असता, आणि त्या तीन महिन्यांत वरच्या भावाला शेअर घेणाऱ्यांचे पैसे वाचले असते. साहेब "आपले गुंतवणूकदार" म्हणायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आधीपासून शेअर धरून बसलेले लोक असायचे. निकाल वाचून उद्या जो घेणार आहे, तोही आपलाच गुंतवणूकदार असतो. तुमच्यासारखा. हे मी त्यांना त्या दिवशी केबिनमध्ये नीट सांगू शकले नाही. ते हे वाचत असतील तर, सर, माझं म्हणणं हे होतं.

शिवाय न सांगण्याची किंमत पुढे कंपनीलाच पडते. त्या वर्षानंतर आमच्या प्रत्येक कॉलवर पहिला प्रश्न येण्यांचा असायचा, आकडा चांगला असला तरी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना कामकाजाच्या रोखीची ही कसोटी लावू नका. त्यांनी दिलेलं कर्ज कामकाजातली जावक म्हणूनच दिसतं, त्यामुळे वाढणाऱ्या बँकेची रोख उणे असू शकते. हंगामी धंद्यात एकाच तारखेचे डेटर डेज फसवतात, गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडा. काही कंपन्या तारीख जवळ आली की येणी बँकेला विकून आकडा कमी करतात, त्याचा उल्लेख टिपांमध्ये सापडतो. आणि रोख दिसतेय म्हणजे ती आहेच, असंही नाही. सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 च्या पत्रात कबूल केलं की ताळेबंदातल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकेतले 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीत 2020 साली 1.9 अब्ज युरो असेच सापडेनात. अशी ठरवून केलेली लबाडी टिपा वाचून दर वेळी पकडता येईल, असं मी म्हणणार नाही. कॅश फ्लो बघून स्वतःला वाचवता येतं ते आमच्यासारख्या कंपन्यांपासून, जिथे खोटं कुणी लिहीत नाही, फक्त दोन वाक्यं खोडली जातात.

तुम्ही कंपनीचं नाव दिलेलं नाही, ते बरंच केलंत. तिच्या गेल्या चार कॉलच्या ट्रान्स्क्रिप्ट काढा आणि "ऑफलाइन" हा शब्द शोधा. जिथे सापडेल तिथे त्याच्या वरचा प्रश्न वाचा. मग तोच प्रश्न त्यांच्या इन्व्हेस्टर रिलेशन्सच्या पत्त्यावर ईमेलने लेखी विचारा, आणि उत्तर स्टॉक एक्स्चेंजवर सगळ्यांसाठी टाका असंही लिहा. त्या बाजूला माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असेल. लेखी प्रश्न हातात असला की साहेबांच्या केबिनमध्ये जायला त्या माणसाला बळ येतं.