वाचकांचे प्रश्न : हौशी रॅली आणि जिप्सीची तयारी

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची मारुती जिप्सी किंग आहे. गेल्या वर्षी मी आणि माझा चुलतभाऊ दोन टीएसडी रॅलींत उतरलो, म्हणजे ठरवून दिलेली वेगाची सरासरी राखण्याच्या स्पर्धांत. आता कच्च्या रस्त्यावरची, वेगाच्या टप्प्यांची रॅली करण्याची इच्छा आहे. हाती सुमारे दोन लाख रुपये आहेत. आधी इंजिनाची ताकद वाढवून घ्या, असे गॅरेजवाले सांगतात. आपला सल्ला काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : इंजिनाचे काम आपण सर्वांत शेवटी करावे, आणि हाती असलेली रक्कम पाहता या वर्षी ते करूच नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जिप्सी किंगचे १२९८ सीसीचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळी इंधन-फवारणी असलेले) इंजिन ८० अश्वशक्ती देते आणि गाडीचे वजन साधारण एक टन आहे. मुरमाड रस्त्यावर नवख्या चालकाला ही ताकदसुद्धा बराच वेळ पूर्णपणे वापरता येत नाही. त्याचा वेळ जातो तो वळणाआधी गरजेपेक्षा लवकर ब्रेक लावण्यात, आणि तो लवकर ब्रेक लावतो, कारण पुढच्या खड्ड्यात गाडी कशी वागेल याचा त्याला भरवसा नसतो. हा भरवसा जास्त अश्वशक्तीने वाढत नाही, उलट कमी होतो.

पहिला खर्च रोल केजचा, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणाऱ्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याचा. येथे तडजोड नको. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा संघटनेच्या नियमांनुसार मुख्य कमानीची नळी सीमलेस पोलादाची, ४५ मिमी व्यासाची व २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमी व्यासाची व २ मिमी जाडीची असावी लागते. फर्निचरच्या नळ्या वाकवून केलेला पिंजरा गाडी उलटली की दुमडतो, आणि जिप्सी ही उंच, अरुंद व मऊ छताची गाडी आहे, हे विसरू नये. केजच्या जोडीला स्पर्धेच्या आसनांसह पट्टे, प्रमाणित हेल्मेट आणि मान सांभाळणारे हान्स साधन आलेच. दोन लाखांतला मोठा वाटा येथेच संपेल, आणि तो योग्य जागी गेला असे मी मानतो.

ब्रेकचे काम तुलनेने स्वस्त आहे. डॉट ४ प्रतीचे ब्रेक तेल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना पेडल अचानक मऊ लागून खाली जाते, त्याचे कारण बहुधा हेच असते. त्यामुळे प्रत्येक रॅलीपूर्वी तेल पूर्ण बदलावे, पुढच्या डिस्कसाठी जास्त उष्णता सोसणारे पॅड घ्यावेत आणि मागचे ड्रम उघडून धूळ साफ करावी.

खरे काम आहे ते पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आणि शॉक ॲब्सॉर्बरचे. जिप्सीला पुढे आणि मागे अखंड ॲक्सल व पाटे आहेत, आणि आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे एक पाटा वाढवून गाडी 'मजबूत' करणे. पाटा वाढवला की गाडी उंच आणि ताठ होते, चाक खड्ड्याच्या आकाराप्रमाणे खालीवर होण्याऐवजी त्यावरून उडते, आणि हवेतले चाक ना गाडी वळवू शकते ना थांबवू शकते. पाट्यांनी साठवलेली ऊर्जा शॉक ॲब्सॉर्बर उष्णतेत बदलतो. लांब टप्प्यात त्यातले तेल तापून फेसाळले की पहिल्या तीन-चार किलोमीटरांत शांत असलेली गाडी पुढे उड्या मारू लागते. दाबाखालील नायट्रोजन वायू भरलेले शॉक ॲब्सॉर्बर या फेसाळण्याला पुष्कळ आळा घालतात. काही जण प्रत्येक चाकाला दोन शॉक बसवतात. ते उपयोगी आहे, मात्र त्यांचे चौकटीवरचे कंस (ब्रॅकेट) आधी भक्कम करावे लागतात, नाही तर शॉक टिकतो आणि कंस तुटतो. मूळ पाटे उघडून, साफ करून, बुश नवे घालून पाहिल्याशिवाय दुसरे काहीही विकत घेऊ नये. माझी स्वतःची पहिली रॅली ॲक्सल पाट्यांना बांधून ठेवणारे यू-बोल्ट ढिले झाल्यामुळे संपली : ॲक्सल बोटभर मागे सरकला आणि गाडी सरळ धावेना. नवे पाटे बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरांनी ते बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, ही साधी गोष्ट आम्ही केली नव्हती.

आणखी एक आग्रह : गाडीसाठी वही ठेवावी. टायरमधील हवा, शॉकची स्थिती, काय तुटले, कितव्या किलोमीटरला तुटले, हे त्याच संध्याकाळी लिहावे, आणि एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले की गाडी कशामुळे सुधारली किंवा बिघडली, ते कधीच कळत नाही. दोन-तीन रॅली सलग पूर्ण झाल्या आणि वहीत 'चढावर मागे पडलो' एवढीच तक्रार उरली, तर त्या दिवशी इंजिनाकडे वळावे.

प्रश्न : टीएसडी रॅलीत मोठे टायर बसवल्यापासून आम्ही प्रत्येक चौकीवर लवकर पोचतो. चूक चालकाची की नॅव्हिगेटरची? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोघांचीही नाही. आपण २०५/७० ऐवजी २१५/७५ मापाचे १५ इंची टायर बसवले असतील, तर चाकाचा व्यास सुमारे ५ टक्क्यांनी वाढला आहे. प्रत्यक्षात १०० किमी झाले की आपला मीटर सुमारे ९५ दाखवतो, म्हणून त्यावरून सरासरी जुळवताना गाडी खरे तर जास्त वेगाने धावते. ताशी ३६ किमीची सरासरी असेल, तर ५ किमीचा हा फरक म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद. आयोजकांनी मोजून दिलेल्या सुरुवातीच्या पट्ट्यावर आपला मीटर तपासावा, दोन आकड्यांचे गुणोत्तर काढावे आणि रोडबुकातील (आयोजकांनी दिलेल्या मार्गपुस्तिकेतील) प्रत्येक अंतर त्याने बदलून घ्यावे. हे गणित नॅव्हिगेटरने निघण्यापूर्वी, गाडी उभी असताना करावे. गुणांचे मोल किती असते पाहा : पूर्व आफ्रिकेतल्या १९७३ च्या सफारी रॅलीत शेखर मेहता आणि हॅरी क्येलस्ट्रोम या चालकांचे दंडगुण सारखेच झाले होते, आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमाने विजय मेहतांना मिळाला.

प्रश्न : रॅलीसाठी तयार केलेली गाडी रोज कार्यालयात नेता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नेऊ नये. केजच्या नळीपासून हेल्मेट नसलेले डोके वीतभर अंतरावर असते, आणि किरकोळ धडकेतही ते नळीवर आपटू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी दंडाची तरतूद आहे. टप्प्यांमधला प्रवास सार्वजनिक रस्त्यावरूनच होतो, त्यामुळे आयोजकांच्या तपासणीआधी परिवहन कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. विम्याचेही पाहावे : नेहमीच्या पॉलिसीत शर्यती आणि वेगचाचणीतील नुकसान वगळलेले असते. रॅलीसाठी जादा हप्ता भरून वेगळे कलम जोडून घेता येते का, हे नाव नोंदवण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारावे आणि तिचे उत्तर गाडीच्या कागदांसोबत ठेवावे.