29 आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या नुसत्या हालचाली पाहून पुढचा धोका खरंच कळतो का?

हो, बऱ्याच खात्रीने कळतो. पण आधी तारखेचं बघा. तुम्ही लिहिलंय की बाळ आता तीन महिन्यांचं आहे आणि डॉक्टरांनी सांगितलेला बाळाच्या हालचालींचा व्हिडिओ याच आठवड्यात काढायचा विचार आहे. बाळ 11 आठवडे लवकर आलं. ते वजा केले तर त्याचं करेक्टेड एज, म्हणजे 40 आठवड्यांच्या मूळ तारखेपासून मोजलेलं वय, आज जेमतेम दोन आठवडे आहे. ज्या हालचाली पाहायच्या असतात त्या या वयात अजून सुरूच झालेल्या नसतात, आणि त्या दिसत नाहीत म्हणून तुम्ही उगाच घाबराल. करेक्टेड 12 ते 14 आठवडे ही योग्य वेळ. तुमच्या हिशेबात बाळ साडेपाच महिन्यांचं होईल तेव्हा. डॉक्टरांना तारीख पुन्हा विचारून घ्या.

मी एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी गेलेल्या बाळांच्या फॉलो-अपमध्ये काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. या तपासणीला जनरल मूव्हमेंट्स असेसमेंट म्हणतात. ती हाइन्झ प्रेख्टल या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी विकसित केली. बाळ जागं आणि शांत असताना मान, धड, मनगटं, घोटे सगळीकडे बारीक, गोलसर, सतत चालणाऱ्या हालचाली दिसतात. त्यांना फिजेटी मूव्हमेंट्स म्हणतात. त्या करेक्टेड नवव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात आणि पाचव्या महिन्याच्या आसपास मावळतात. बाळ हे मुद्दाम करत नाही, त्या मेंदूतूनच आपोआप उमटतात. मेंदूतल्या जोडण्यांना इजा झालेली असेल तर या हालचालींमधलं वैविध्य हरवतं. प्रेख्टल आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये 130 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फिजेटी हालचाली नॉर्मल असलेल्या 70 पैकी 67 बाळांची पुढची वाढ न्यूरॉलॉजीच्या दृष्टीने नॉर्मल झाली. ज्यांच्यात त्या नव्हत्या किंवा वेगळ्या होत्या, अशा 60 पैकी 57 जणांना पुढे अडचणी आल्या, बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल यांवर येणारी कायमची मर्यादा.

व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा पुरतो. बाळाचं पोट भरलेलं असावं, पण झोप आलेली नसावी. उताणं, साध्या चादरीवर, हातपाय उघडे. खेळणं नको, चोखणी नको, आणि कुणी त्याच्याशी बोलू नका. बाळ तुमच्याकडे टक लावून बघू लागलं की या हालचाली कमी होतात! रडू लागलं तर थांबा आणि नंतर पुन्हा काढा.

हालचाली दिसल्या नाहीत तर एवढ्यावरून निदानाचा शिक्का बसत नाही. डॉक्टर मेंदूचा एमआरआय आणि हॅमरस्मिथ तपासणी (बाळाचे स्नायू, हालचाली आणि प्रतिक्रिया हाताळून बघायची ठरावीक तपासणी) जोडून बघतात. पण त्या निकालांची वाट पाहत बाळाचे फिजिओथेरपीचे व्यायाम लांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती. ‘वर्षाचं झालं की बघू, काही मुलं उशिराच चालतात’ असं जवळचे लोक प्रेमानेच सांगतात. मात्र मेंदू सर्वांत जास्त शिकतो तो हाच काळ असतो, आणि तो वाट पाहण्यात गेलेला बघून मला दरवेळी वाईट वाटतं.

निकाल चांगला आला तर सेरेब्रल पाल्सीची धास्ती बरीच उतरते. बोलणं, शिकणं, लक्ष लागणं यांबद्दल मात्र ही तपासणी तितक्या खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी, आणि पुढच्या फॉलो-अपच्या तारखा, बाळ कितीही खेळकर दिसलं तरी चुकवू नका.