भाऊ अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी रिलोड करतो, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतो. मला ठाण्यात तेच करायचंय, केस ट्रिमर (पुंगळी कापून लांबी नीट करणारं साधन) कोणता घ्यावा?

ठाण्यात नकोच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि रायफल बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये हे करू नका, मनापासून सांगतो.

भावाला ट्रिमर भेट म्हणून द्यायचा असेल तर ऐका. बार उडाला, पुन्हा डायमधून (आकार नीट करणाऱ्या साच्यातून) काढली की पितळी पुंगळी लांबते. .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून २.००५ वर आणतात. लांब राहिली तर तिचं तोंड चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) गोळीवर आवळतं नि दाब धोकादायक वाढतो. थोड्या पुंगळ्यांना हातानं फिरवायचा, छोट्या लेथसारखा ट्रिमर पुरे. मोटरचा शेकड्यांनी कापणाऱ्यांसाठी. व्हर्नियर कॅलिपर मात्र उत्तम घ्या, तिथे काटकसर नको.