टोरांटोला स्थलांतर करताना पहिले घर कोणत्या भागात घ्यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडहून तुम्ही तिघे येत्या फेब्रुवारीत कायम रहिवासी म्हणून टोरांटोला येत आहात. तुमची नोकरी युनियन स्टेशनजवळच्या एका बँकेत ठरली असून आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जावे लागेल. पत्नी फार्मासिस्ट आहेत आणि त्यांना येथील परवान्याच्या परीक्षा द्यायच्या आहेत. मुलगी सात वर्षांची आहे. पहिले वर्षभर गाडी घ्यायची नाही आणि भाड्यासाठी महिना २,४०० डॉलर बाजूला ठेवले आहेत. टोरांटोबाहेरच्या ब्रॅम्प्टन शहरात राहणारे मामेभाऊ म्हणतात की आपली सगळी माणसे इकडेच आहेत, इकडेच या. सहकारी डाउनटाउन, म्हणजे टोरांटोचा मध्यभाग, सुचवतात. या दोहोंपैकी काय निवडावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे आहे की घर निवडताना तुमच्या नोकरीचा विचार सर्वांत शेवटी करावा. तुमचे कार्यालय ज्या युनियन स्टेशनजवळ आहे, तेथे या महानगरातील गो या उपनगरी रेल्वेचे सर्व मार्ग आणि सबवेची, म्हणजे शहरातील भुयारी रेल्वेची, पहिली लाइन येऊन मिळते, त्यामुळे तुम्ही कोठेही राहिलात तरी रडतखडत का होईना, तेथे पोहोचालच. पत्नीला काम कोठे मिळेल, परीक्षेचा अभ्यास चालू असताना एखाद्या औषधाच्या दुकानात साहाय्यकाची नोकरी कोणत्या टोकाला लागेल, हे मात्र आज कोणालाच सांगता येणार नाही. ज्या व्यक्तीचे अजून काहीच ठरलेले नाही, तिला गाडीशिवाय चारी दिशांना जाता येईल अशी जागा शोधणे, हा तुमच्या घरशोधणीचा पहिला निकष असावा.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. आम्ही २०१४ च्या जानेवारीत नाशिकहून आलो. त्याआधीच्याच महिन्यात गोठणाऱ्या पावसाच्या वादळाने टोरांटोतील सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज घालवली होती आणि तो संपूर्ण हिवाळाच विलक्षण कडक निघाला. ओळखीच्या एका कुटुंबाच्या सांगण्यावरून आम्ही ब्रॅम्प्टनच्या उत्तर भागातील एका घराचे तळघर, म्हणजे येथील भाषेत बेसमेंट, भाड्याने घेतले. भाडे कमी होते, वरची मंडळी प्रेमळ होती, किराण्याच्या दुकानात ज्वारीचे पीठसुद्धा मिळत होते. पती सकाळी सव्वासहाला घराबाहेर पडत आणि संध्याकाळी सातला परतत. बसचा थांबा एरवी बारा मिनिटांवर होता, पण पदपथावर बर्फ साचला की तेच अंतर वीस मिनिटांचे होई, आणि उणे अठरा अंशांत पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून बसची वाट पाहण्यापेक्षा न गेलेले बरे, असे मी दररोज ठरवू लागले. नाशिकला दहा वर्षे हिशेबाचे काम केलेली मी पहिल्या पाच महिन्यांत केवळ दोन मुलाखतींना जाऊ शकले. पतीला वाटत होते की आमचे उत्तम चालले आहे, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही होते.

जूनमध्ये आम्ही टोरांटोच्या पश्चिमेला, इटोबिकोकमध्ये, इस्लिंग्टन सबवे स्थानकाजवळच्या एका जुन्या भाड्याच्या इमारतीत राहायला गेलो. भाडे साडेतीनशे डॉलरने वाढले. मला तीन आठवड्यांत नोकरी लागली. माझी पात्रता जानेवारीत होती तीच होती. मुलाखतीला वेळेवर पोहोचता येऊ लागले होते, एवढाच फरक पडला होता.

आता भूगोलाविषयी. भारतात आपण ज्याला सरसकट टोरांटो म्हणतो, ती प्रत्यक्षात अनेक स्वतंत्र शहरे आहेत. खुद्द टोरांटो शहर १९९८ मध्ये जुने टोरांटो, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, इटोबिकोक, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क यांचे एकत्रीकरण होऊन आजच्या आकाराचे झाले. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मार्कहम, वॉन, एजॅक्स ही त्याबाहेरची शहरे असून त्यांच्या महापालिका वेगळ्या आणि बससेवाही वेगळ्या आहेत. पूर्वी शहराची हद्द ओलांडली की दुसरे भाडे द्यावे लागे. फेब्रुवारी २०२४ पासून प्रेस्टो हे प्रवासभाड्याचे कार्ड वापरणाऱ्याला टीटीसी, म्हणजे टोरांटोची सबवे व बससेवा, आणि आसपासच्या शहरांच्या बसगाड्या यांच्यात ठरावीक वेळेत विनामूल्य बदल करता येतो. त्यामुळे आता हद्दीपेक्षा थांब्यावर किती मिनिटांनी बस येते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. टीटीसीचे भाडे प्रेस्टोवर ३ डॉलर ३० सेंट असून त्यात दोन तास हवे तितके फिरता येते, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते मुळीच लागत नाही.

गाडी नसलेल्या कुटुंबाने माझ्या मते सबवेच्या स्थानकापासून दहा मिनिटांच्या पायी अंतरात, आणि तेही मध्यभागाऐवजी टोकाकडे, घर पाहावे. डाउनटाउनमध्ये २,४०० डॉलरमध्ये एका शयनगृहाची खोलीवजा जागा मिळेल आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन तेथे राहणे कष्टाचे होईल. टोकाकडच्या स्थानकांवर मात्र सबवेही सुटते आणि उपनगरांकडे जाणाऱ्या बसगाड्याही तेथूनच सुटतात. किपलिंग हे दुसऱ्या लाइनचे पश्चिम टोक याचे चांगले उदाहरण आहे. तेथून सबवेने, सेंट जॉर्जला गाडी बदलून, तुम्ही साधारण चाळीस मिनिटांत युनियनला पोहोचाल. आणि २०२१ मध्ये मिसिसागाच्या अनेक बसगाड्यांचे स्थानकही तेथेच आल्यामुळे पत्नीला पश्चिमेकडची नोकरी मिळाली तरी अडचण येणार नाही. उत्तरेला यंग रस्त्यावर फिंच, ईशान्येला शेपर्ड लाइनवरचे डॉन मिल्स, हेही याच प्रकारात येतात. स्कारबरोमध्ये भाडे थोडे कमी पडते आणि तमिळ खाणावळी अप्रतिम आहेत. परंतु तेथील तिसरी लाइन जुलै २०२३ मध्ये डबा रुळांवरून घसरल्यानंतर कायमची बंद झाली आणि नवा सबवे अजून बांधला जात आहे, म्हणून केनेडी स्थानकाच्या पलीकडे जायचे असेल तर बसच्या वेळा नीट पाहूनच जावे.

गो रेल्वेच्या बाबतीत एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. स्थानक जवळ असणे आणि तेथून हव्या त्या वेळी रेल्वेगाडी मिळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. मिसिसागाच्या मधून जाणाऱ्या मिल्टन मार्गावर गाड्या सकाळी टोरांटोकडे आणि संध्याकाळी उलट, एवढ्याच धावतात; दुपारी मुलीच्या शाळेतून फोन आला तर तुम्हाला बसनेच यावे लागेल. तळ्याकाठच्या लेकशोर मार्गांवर मात्र दिवसभर दोन्ही दिशांना गाड्या असतात.

इमारतीचा प्रकार हा भागाइतकाच, किंबहुना मला विचाराल तर अधिक महत्त्वाचा आहे. टोरांटोभर १९६० आणि १९७० च्या दशकांत बांधलेल्या उंच भाड्याच्या इमारती आहेत. दिसायला त्या ओबडधोबड असतात, कपडे धुण्याची यंत्रे तळमजल्यावर सामाईक असतात, लिफ्ट अधूनमधून रुसते. परंतु त्यांची मालकी कंपनीकडे असल्यामुळे मालकाला स्वतः राहायला यायचे आहे, म्हणून तुम्हाला घर सोडा, असे सहसा कोणी सांगत नाही, आणि भाड्यात बहुधा पाणी व हीटिंग धरलेले असते. टोरांटो शहराच्या नियमानुसार जेथे हीटिंग मालकाच्या हाती असते, तेथे थंडीच्या महिन्यांत घरात किमान २१ अंश तापमान ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. चकचकीत काँडो, म्हणजे स्वतंत्रपणे विकलेले फ्लॅट, मात्र बहुतेक वेळा एकेका गुंतवणूकदाराच्या मालकीचे असतात. तेथे वीज, जिला येथे हायड्रो म्हणतात, बहुधा वेगळी भरावी लागते, आणि मालकाला स्वतःसाठी जागा हवी असल्यास तो करारकाळ संपताना साठ दिवसांची सूचना आणि एका महिन्याच्या भाड्याएवढी भरपाई देऊन ती परत मागू शकतो.

याहून मोठा फरक एका तारखेत दडलेला आहे. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत दरवर्षी भाडे किती टक्के वाढवता येईल हे प्रांतिक सरकार ठरवते आणि त्याला कायद्यानेच अडीच टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. २०२६ साठी तो आकडा २.१ टक्के आहे. परंतु ज्या घरात १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथमच कोणी राहायला आले, त्याला ही मर्यादा लागू नाही. अशा घराचे भाडे बारा महिन्यांनी, नव्वद दिवस आधी लेखी कळवून, कितीही वाढवता येते. नव्या काँडोचे पहिल्या वर्षाचे भाडे मोहक वाटले तर इमारत कोणत्या वर्षीची आहे, हा प्रश्न तोंडातून आधी निघाला पाहिजे.

करारासंबंधी पुण्यातील सवयी येथे उपयोगी पडत नाहीत. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, भरभक्कम अनामत आणि एजंटाला एक महिन्याचे भाडे, हा प्रकार येथे नाही. एजंटाचे शुल्क घरमालक देतो. ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक भाडेकरारांसाठी प्रांताचा ठरावीक नमुना सक्तीचा आहे. घरमालकाला पहिल्या महिन्याचे भाडे आणि अनामत म्हणून शेवटच्या महिन्याचे भाडे, एवढेच मागता येते. नवागताला क्रेडिटचा इतिहास नाही म्हणून सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागणे, किंवा पुढील तारखांचे धनादेश हवेतच असा आग्रह धरणे, कायद्याला धरून नाही. ते सर्रास मागितले जाते, हेही खरे आहे. वर्षाचा करार संपला की नवा करार न करता तो आपोआप महिन्यामहिन्याने चालू राहतो आणि तुम्हाला साठ दिवसांची सूचना देऊन निघता येते, म्हणून वर्ष संपताना कोणी नव्या करारावर सही करण्याची घाई केली तर सही करू नका.

शाळेसाठी पत्ता निर्णायक असतो; सरकारी शाळेत प्रवेश राहत्या जागेवरून मिळतो आणि वर्षाच्या मध्येही मिळतो. लोक शाळांच्या गुणानुक्रमाच्या याद्या घेऊन घर शोधतात, पण सात वर्षांच्या मुलीसाठी मी त्याला फार महत्त्व देणार नाही. शाळा पायी जाण्यासारखी आहे का आणि त्या पत्त्यावरच्या मुलांना त्याच शाळेत जागा मिळते का, एवढे शाळा मंडळाला विचारावे. शहराच्या दाट वाढलेल्या भागांत नव्या काँडोंच्या समोरच शाळा मंडळाच्या पाट्या लागलेल्या असतात की येथील मुलांना जवळच्या शाळेत जागा मिळेलच असे नाही. हे पाहून मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले होते.

मामेभावांच्या सल्ल्याचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. ब्रॅम्प्टनच्या क्वीन स्ट्रीट आणि मेन स्ट्रीटवर झूम नावाच्या जलद बसगाड्या चांगल्या धावतात, आणि ब्रॅम्प्टन किंवा ब्रॅमली गो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरात घर मिळाले तर माझा बराचसा आक्षेप गळून पडतो. पण नातेवाईक जेथे राहतात ते बहुधा स्थानकापासून दूर, दोन गाड्यांच्या गॅरेजचे घर असते, आणि त्यांना अंतर जाणवत नाही कारण ते गाडीतून जातात. पुढे गाडी घेतल्यावरही हा मुद्दा संपत नाही: विम्याचा हप्ता पिनकोडवर ठरतो आणि ब्रॅम्प्टनचे हप्ते ऑन्टारियोतील सर्वांत महागांपैकी आहेत. बेसमेंट घ्यायचेच असेल तर ते महापालिकेत नोंदलेले आहे का, हे पाहावे. आमचे नव्हते, आणि आग लागल्यास तेथून बाहेर पडायला एकच जिना होता, हे मला घर सोडल्यावर सुचले. मराठी माणसांच्या सहवासाची काळजी करू नका. मराठी भाषिक मंडळाच्या कार्यक्रमांना आणि गणपतीला लोक सर्व बाजूंनी तासतासभर प्रवास करून येतात. तुम्हीही वर्षातून चार-पाच वेळा तसेच जाल, आणि धणे-जिरे तर आता कोणत्याही भागात मिळतात.

मामेभावांकडे मात्र पहिले तीन आठवडे जरूर राहा, कारण भारतात बसून, छायाचित्रे पाहून आगाऊ रक्कम पाठवणे ही सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने अशा जाहिरातीवर दोन महिन्यांचे भाडे पाठवले आणि विमानतळावरून थेट त्या पत्त्यावर गेल्यावर त्यांना कळले की तेथे दुसरेच कोणी वर्षानुवर्षे राहत आहे. नोकरीचे पत्र, बँकेतील शिलकीचा दाखला आणि कायम निवासाचे कागद एका फायलीत तयार ठेवा. मोठ्या भाड्याच्या इमारतींची कार्यालये बहुतेक वेळा एवढ्यावर अर्ज स्वीकारतात.

जी दोन-तीन घरे पसंत पडतील, त्यांच्यासाठी सही करण्यापूर्वी एक दिवस राखून ठेवा. कामाच्या दिवशी सकाळी सातला त्या इमारतीच्या दारातून निघून तुम्ही युनियनला जाऊन या. त्याच दिवशी दुपारी, तुम्ही सोबत नसताना, पत्नीने मुलीला घेऊन तेथून शाळेपर्यंत, औषधाच्या दुकानापर्यंत आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या जवळच्या शाखेपर्यंत चालत जावे, आणि फेब्रुवारीतल्या त्या फेरीनंतर कोणते घर घ्यायचे हे त्यांनी ठरवावे.