फोटो नको, अख्खी स्लाइड दे

प्रिय,

केस रिपोर्टचा खर्डा वाचला. भाषा नेटकी आहे, मायक्रोस्कोपखालचा फोटोही सुरेख आलाय. माझं म्हणणं त्या फोटोबद्दलच आहे. तो फील्ड, म्हणजे स्लाइडचा तेवढाच तुकडा, तू निवडलास. शेजारच्या फील्डमध्ये काय होतं, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

मी रेसिडेंट असताना एका दुर्मिळ ट्यूमरपाशी अडलो होतो. उपयोगी पडेल असा एकच पेपर होता आणि आमच्या लायब्ररीत ते जर्नल येत नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या मित्राने झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवला. हातात आलं ते काळ्या डागांचं चित्र. माइटोसिस, म्हणजे विभागत असलेली पेशी, आहे की मेलेल्या पेशीचं आक्रसलेलं न्यूक्लियस, काही सांगता येईना. तो रिपोर्ट मी नाइलाजाने मोघम लिहिला. ते अजून सलतं.

आज स्कॅनर पाव मायक्रॉनला एक पिक्सेल इतक्या बारकाईने पूर्ण काच, म्हणजे अख्खी स्लाइड, टिपतो. नेदरलँड्समधल्या पाच केंद्रांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमधील सेंटिनल लिम्फ नोडच्या (कर्करोग पसरताना सहसा आधी जिथे पोहोचतो त्या लसिकाग्रंथीच्या) १,३९९ स्लाइड्स अशाच खुल्या केल्या. ‘कॅमेलिऑन’ नावाचा हा संच सुमारे तीन टेराबाइटचा आहे आणि त्याची माहिती देणारा २०१८ चा पेपरही कुणालाही मोफत वाचता येतो. त्यातली एक स्लाइड उतरवून घे, क्यूपाथमध्ये उघड. तेही सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्तस्रोत आहे. दोन मिलिमीटरपेक्षा लहान मेटास्टॅसिस, म्हणजे पसरून आलेल्या कर्करोगाचा ठिपका, शोधून बघ. लिम्फोसाइट्सच्या, म्हणजे ग्रंथीतल्या नेहमीच्या पांढऱ्या पेशींच्या, गर्दीत चारदा त्याच्यावरून पुढे जाशील, पाचव्यांदा सापडेल. असा सराव एका सुंदर फोटोवर होत नाही.

म्हणून तुझीही स्लाइड पेपरसोबत खुली ठेव. पण त्याआधी एक काम डोळ्यांत तेल घालून कर. स्कॅनच्या फाइलमध्ये काचेच्या लेबलचं चित्र वेगळं साठवलेलं असतं. फाइलचं नाव बदललं तरी ते आत तसंच राहतं. आमच्याकडे एकदा सगळं पाठवायच्या तयारीत असताना टेक्निशियनने लेबल उघडून दाखवलं. पेन्सिलीने लिहिलेला बायोप्सी नंबर आणि रुग्णाचं आडनाव स्पष्ट वाचता येत होतं. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. लेबल काढ, काचेचं पूर्ण छायाचित्र असेल तर तेही तपास. एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची संमती आधीच घे.

जर्नल निवडताना डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्समध्ये, म्हणजे मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्सच्या यादीत, त्याचं नाव बघ. फी मागत असतील तर सवलतीची चौकशी कर, फी न घेणारीही चांगली जर्नल्स आहेत. रोज ईमेलवर ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणत पेपर मागणाऱ्या जर्नल्सच्या नादी लागू नकोस.

आणि हो, तुझ्या सेक्शनला, म्हणजे काचेवरच्या ऊतीच्या पातळ कापाला, डाव्या कडेला घडी पडली आहे. फोटोत ती आली नाही, स्कॅनमध्ये येईल. सोमवारी ऊतीचा मेणातला ब्लॉक काढून नवा सेक्शन घ्यायला सांग. स्टेन झाला, म्हणजे रंग चढला, की आधी मला दाखव, मग स्कॅनला लावू.

तुझा,
सर